माझा पत्ता : पाच सप्टेंबर

आमच्या सोसायटीत पाच इमारती आहेत आणि प्रत्येक इमारतीत बारा सदनिका. मी पाचव्या इमारतीतल्या नवव्या सदनिकेत राहतो. दारावर पितळी पाटी आहे, तिच्यावर ‘५-९’. बावीस वर्षं पोस्टमन, दूधवाला, सिलिंडरवाला आणि दिवाळीच्या आधी न चुकता उगवणारी पोस्तवाली मंडळी ही पाटी वाचून बिनचूक माझ्याच दारात उभी राहिली. त्यांच्यापैकी एकालाही ती वाचून शिक्षकदिन आठवला नाही. तो आठवला एका कॉम्प्युटरला, २०२५ च्या ऑगस्टमध्ये. तेव्हापासून माझ्या पत्त्याची जी परवड सुरू झाली ती सांगायची, तर सुरुवात खजिनदारकाकांच्या मोतीबिंदूपासून करावी लागेल.

काका एस.टी.च्या हिशोब खात्यातून निवृत्त झालेले. सोसायटीचा हिशोब एकोणीस वर्षं त्यांच्या हातात होता, आणि हात म्हणजे अक्षरशः हात. लाल कापडी पाठीची लांबोडकी वही, पानाच्या डोक्यावर ‘॥ श्री ॥’, खाली पट्टीने आखलेले तेरा रकाने, प्रत्येक रकान्यावर त्याचं नाव आणि नावाखाली दुहेरी रेघ. काका आधी मथळे लिहीत, शाई वाळू देत, चहा घेत आणि मग आकड्यांना हात घालत. ऑपरेशनची तारीख ठरली तशी त्यांनी वही मिटून कार्यकारिणीपुढे ठेवली. कार्यकारिणीने एकमताने माझ्याकडे पाहिलं. मी एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. संख्याशास्त्रवाल्याला हिशोब येतो हा समज, मानसशास्त्रवाल्याला समोरच्याच्या मनातलं कळतं या समजाइतकाच भक्कम आहे, आणि तितकाच खरा.

तरी मी हो म्हटलं. म्हटलं, आपण वही कशाला धरायची? प्रोग्रॅम लिहू.

सोसायटीचं महिन्याचं बिल वरून दिसतं तेवढं साधं नसतं. सेवाशुल्क सगळ्यांना सारखं, पण पाणी नळांवर. घरात जितके नळ तितका भार. दुरुस्ती निधी बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड किमान पाव टक्का. घर भाड्याने दिलं असेल तर बिनभोगवटा शुल्क, आणि तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही. थकबाकीवर आमच्या उपविधीप्रमाणे २१ टक्के सरळव्याज. आणि लिफ्ट. लिफ्टचा खर्च सर्वांना समान, तुम्ही ती वापरा अगर वापरू नका. उपविधीतलं हे एवढं एक कलम पहिल्या मजल्यावरच्या सभासदांनी अजून मनाने स्वीकारलेलं नाही. दर सभेत त्यांच्यातलं कोणीतरी उठून ‘मी आयुष्यात लिफ्टमध्ये पाऊल ठेवलेलं नाही’ असं शपथेवर सांगतं, आणि दर सभेत कोणीतरी त्यांना गादी घेऊन लिफ्टमधून उतरताना पाहिलेलं असतं.

हे सगळं मी पायथनमध्ये बसवलं. चार संध्याकाळी गेल्या. पाचव्या संध्याकाळी कळ दाबली आणि पापणी लवायच्या आत साठ सदनिकांचा हिशोब तयार. काकांना याला चार दिवस लागायचे. स्क्रीनवर वर तेरा मथळे, खाली साठ ओळी, पंधरा ऑगस्टच्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या. दोनदा पडताळून पाहिलं, पैशाची चूक नाही. अध्यक्षांना फोन केला, “हिशोब झाला.”

“वा! सर, एक्सेल पाठवा.”

पूर्वी कचेरीत ‘कागद आणा’ म्हणायचे, आता ‘एक्सेल पाठवा’ म्हणतात. अर्थ तोच, की तुम्ही म्हणताय ते ठीक आहे, पण आमचा विश्वास चौकटीत बसतो. या चौकटींचा उगमही शिकवण्याच्या धंद्यातलाच. १९७८ मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला फळ्यावरच्या तक्त्यातला एक आकडा पुसला की पुढचे सगळे पुसावे लागतात हे खटकलं, आणि १९७९ मध्ये त्याने बॉब फ्रँकस्टनला बरोबर घेऊन व्हिसिकॅल्क बाजारात आणलं. मी एकतीस वर्षं फळा पुसला. माझ्या हाती फक्त खडूची अ‍ॅलर्जी लागली.

तर एक्सेल पाठवायचं होतं. स्क्रीनवर दिसतंय तेच फायलीत जाईल अशी माझी भोळी समजूत. आकडे मी नमपाय नावाच्या लायब्ररीत मांडले होते, आणि तिच्या आकड्यांच्या चौकोनात आकड्यांनाच जागा असते. मथळा हा आकडा नाही. म्हणून स्क्रीनपुरते मथळे मी वर वेगळे टांगले होते, मांडवाला तोरण टांगतात तसे. फाईल लिहिणाऱ्या आज्ञेने मांडवातला ऐवज तेवढा उचलला, तोरण जागच्या जागी राहिलं. शिवाय त्या आज्ञेला काही सांगितलं नाही, तर ती प्रत्येक आकडा दशांशचिन्हापुढे अठरा स्थळांपर्यंत घातांकात लिहिते आणि दोन आकड्यांमध्ये नुसती मोकळी जागा सोडते. त्यामुळे एक्सेलला रकाने दिसलेच नाहीत. प्रत्येक सदनिकेचा संसार एकाच चौकटीत कोंबला गेला. माझं २,४५० रुपये सेवाशुल्क ‘दोन दशांश चार पाच’ आणि त्यापुढे सोळा शून्यं, मग एक ई, मग अधिक शून्य तीन, अशा थाटात अध्यक्षांच्या फोनवर अवतरलं.

“सर,” अध्यक्षांचा फोन, “हा ओटीपी आहे का?”

दुसऱ्या प्रयत्नात मी स्वल्पविराम घातले, दशांश स्थळं दोनवर आणली. रकाने सुटे झाले. मथळे अजून नव्हतेच, पण अध्यक्षांना धीर नव्हता, त्यांनी फाईल सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. तेरा रकाने, साठ ओळी आणि कशावर काहीही लिहिलेलं नाही. वर इमारत आणि सदनिकाही दोन स्थळांपर्यंत अचूक : मी ५.०० मध्ये ९.०० ला. ग्रुपवर तासाभरात सव्वाशे संदेश. तीन नळवाल्या आजींनी ‘माझी बाकी फक्त तीन रुपये, आत्ताच पाठवते’ म्हणून तीन रुपये पाठवलेही. पार्किंगच्या रकान्यातलं शून्य पाहून एका गृहस्थांनी आपली थकबाकी फिटल्याचं जाहीर केलं आणि चार जणांनी त्यांचं अभिनंदनही केलं. आकडे सगळे बरोबर होते. कोणता आकडा कोणाचा कोण, एवढंच कळत नव्हतं. लग्नाच्या ग्रुप फोटोतले सगळे चेहरे स्पष्ट असावेत आणि मुलगा कोणता तेच कळू नये, तसं.

मथळे द्यायला बसलो. मराठीत दिले तर प्रोग्रॅम मोडून पडला. त्या आज्ञेला ठरावीक युरोपी अक्षरांपलीकडे ओळख नव्हती. इंग्रजीत दिले तर तिने पहिल्या मथळ्याच्या आधी आपल्या पदरची एक फुली-जाळी ठोकली, टेलिफोनच्या बटणांवर असते ती. तिच्या लेखी मथळा म्हणजे हिशोबाचा भाग नव्हे, बाजूला केलेली टिप्पणी. एकोणीस वर्षं जे काका आधी लिहीत आले, ते या बाईच्या मते शेरा होतं.

अखेर बेंगळुरूला मुलीला फोन लावला. तिने नमपाय सोडून पांडाज घ्यायला सांगितलं. ही लायब्ररी मथळे आणि आकडे एकाच घरात नांदवते. सदनिकाही आता पाटीवरच्यासारखी लिहिता येणार होती. मी हरखून फाईल काढली, तर पहिल्या रकान्याच्या आधी एक आगंतुक रकाना, त्याला मथळा नाही आणि आत शून्य ते एकोणसाठ. पायथनवाले शून्यापासून मोजतात. पहिल्या इमारतीतल्या पहिल्या सदनिकेतले गृहस्थ निवृत्त मामलेदार आहेत. त्यांच्या नावापुढे ‘०’. ते काठी टेकत माझ्या दारात आले आणि म्हणाले, “सर, सोसायटीत आमची किंमत काय ते कळलं.”

मुलीला पुन्हा फोन.

“बाबा, इंडेक्स इक्वल टू फॉल्स लिही.”

“फॉल्स लिहू? सोसायटीच्या हिशोबात? ऑडिटर काय म्हणेल?”

“बाबा, लिही.”

लिहिलं. शून्यं गेली. आता मराठी मथळ्यांची हौस. फाईल काढली, एक्सेलमध्ये उघडली आणि वर मथळ्यांच्या जागी फ्रेंच भाषेत कोणीतरी शिंकल्यासारखं दिसलं. ‘सदनिका’ या शब्दात काना-वेलांटी धरून सहा चिन्हं. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. एक्सेलने ते अठराही बाइट सुटे-सुटे वाचून अठरा परकी अक्षरं मांडली, त्यातल्या दर तिसऱ्याच्या डोक्यावर तिरकी रेघ. यावर उतारा असा, की फायलीच्या अगदी आरंभी तीन बाइटची एक अदृश्य खूण ठेवायची. ती दिसली की एक्सेल समजतं, पुढचा मजकूर युनिकोडचा आहे. मुलीने हे समजावल्यावर मला काकांची वही आठवली. पानावर काहीही लिहायच्या आधी ‘॥ श्री ॥’. मी म्हटलं, “हे आमच्याकडे पहिल्यापासून आहे.”

पण एक अडचण राहिली होती, अर्थाची. सगळे मथळे मराठीत करायच्या भरात ‘सिंकिंग फंड’चं मी ‘बुडीत निधी’ केलं होतं. रात्री साडेअकराला सचिवांचा घाबराघुबरा फोन : “सर, निधी कोणत्या बँकेत बुडाला?” मथळा पूर्ववत केला.

आणि मग माझ्या पत्त्याची गोष्ट. मथळे नीट, मराठी नीट, रकाने नीट. फाईल ग्रुपवर गेली. पहिला संदेश अध्यक्षांचा : “सर, माझ्या नावापुढे एक एप्रिल का?”

अध्यक्ष १-४ मध्ये राहतात.

मी फाईल उघडली. सदनिकेच्या रकान्यात साठ तारखा. आमच्या पाच इमारती, प्रत्येकी बारा सदनिका आणि वर्षाला महिने बारा. असा जुळून आलेला योग ज्योतिषालाही सहसा सापडत नाही. एकही सदनिका सुटली नव्हती. इमारत म्हणजे तारीख, सदनिका म्हणजे महिना. मी ५-९, म्हणजे पाच सप्टेंबर, शिक्षकदिन. यात निदान औचित्य होतं. १-५ मध्ये महाराष्ट्र दिन राहत होता. ३-१ मधल्या मुख्याध्यापिकाबाईंकडे सावित्रीबाईंची जयंती आली, त्या खूश झाल्या. आणि सोसायटीतले सर्वांत जुने, सर्वांत निगरगट्ट थकबाकीदार राहतात २-१० मध्ये. गांधी जयंती. २०२५ मध्ये दसराही त्याच दिवशी होता, म्हणजे त्यांनी सत्य, अहिंसा आणि सीमोल्लंघन तिन्ही एका दमात उरकलं, फक्त बाकी भरली नाही.

अध्यक्षांचा मुलगा अमेरिकेत असतो. त्यांनी फाईल त्याला पाठवली. त्याच्या कॉम्प्युटरवर महिना आधी येतो, म्हणून वडील चार जानेवारीला राहायला गेले आणि मी नऊ मेला. फाईल तीच, एक बाइट इकडचा तिकडे नाही. पृथ्वीच्या दोन बाजूंना मी एकाच वेळी दोन तारखांना राहत होतो.

दोष माझ्या फायलीचा नव्हता, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. ती सीएसव्ही जातीची, म्हणजे निव्वळ अक्षरांची फाईल. त्यात ‘हा आकडा, हे नाव, ही तारीख’ असं काही सांगायची सोयच नसते. २००५ च्या ऑक्टोबरात या फायलींची रीत एकदा रीतसर लिहून काढली गेली. तिच्यातला तिसरा नियम मथळ्याचा आहे आणि तो म्हणतो, पहिली ओळ मथळ्यांची असू शकेल, ऐच्छिक आहे. शाळेत ‘ऐच्छिक’ विषयाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. फायलीने मौन पाळलं की एक्सेल अंदाज बांधतं, आणि एक्सेलचा स्वभाव आमच्या गल्लीतल्या एका मावशींसारखा आहे. तुम्ही ‘पाच-नऊ’ एवढंच पुटपुटावं, त्यांनी मुहूर्त ठरवून मोकळं व्हावं.

मी रकाना निवडला आणि त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ केला. तारखा गेल्या. माझ्या नावापुढे आलं ४५९०५.

एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे दिवसांची मोजणी. १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला. तिथून मोजत आलं की ५ सप्टेंबर २०२५ हा ४५,९०५ वा. खरं तर ४५,९०४ वा. पण लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, आणि त्याच्याशी जमवून घ्यायचं म्हणून एक्सेलनेही ती चूक जशीच्या तशी घरात घेतली. २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस कधी उगवलाच नाही. एक्सेलमध्ये मात्र तो रोज मोजला जातो. न झालेल्या दिवसाचं ओझं वाहणारा हा पत्ता अध्यक्षांनी पाहिला आणि ग्रुपवर लिहिलं : “सरांचीच बाकी पंचेचाळीस हजार नऊशे पाच?? हिशोब करणाऱ्याने तरी...” पुढे तीन टिंबं. त्यांना खाली स्वतःचे ४५,७४८ दिसेपर्यंत त्या टिंबांत मी दहा मिनिटं राहिलो.

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यावीच लागते. पुढचा रविवार नवरात्रातला म्हणून ती एकवीस तारखेला ठेवली, आणि त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या निघाली. अर्धी मंडळी वडे खाऊन सुस्तावलेली. विषयपत्रिकेवर माझी फाईल. मी उभा राहून निवेदन केलं, की आपण एकटे नाही. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडातल्या १५,८४१ कोरोना रुग्णांच्या नोंदी मागे पडल्या, कारण जुन्या धाटणीच्या एक्सेल फायलीत ६५,५३६ च्या पुढे ओळ मावत नाही. यावर २-१० मधून लगेच प्रश्न आला, आपली बाकी त्या पलीकडच्या ओळीत टाकता येईल का.

मग मी जनुकांची गोष्ट सांगितली. माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च१, सेप्ट२ अशी होती. शास्त्रज्ञ ती एक्सेलमध्ये भरत आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून ठेवी. २०१६ मध्ये तपासून पाहिलं तर एक्सेलच्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचातल्या एकात हा घोळ निघाला. शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये काय करावं? जनुकांचीच नावं बदलली. सेप्ट२ चं सेप्टिन२, मार्च१ चं मार्चएफ१.

माझा रोख असा होता, की बघा, एवढे मोठे लोकही हतबल झाले. सभेने त्यातून काढलेला अर्थ असा, की मग आपणही पत्ते बदलू. हे सुचवलं अध्यक्षांनी. एक एप्रिल हे त्यांना फार लागलं होतं. अनुमोदन मामलेदारांनी दिलं, कारण त्यांना शून्य विसरायचं होतं. इमारतींना इंग्रजी अक्षरं द्यायची, ए ते ई. आधी मजला, मग इमारत, मग सदनिका. मजल्यावर तीन घरं, चार मजले. मध्ये डॅश नाही, म्हणजे तारीख होणारच नाही. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर. लिफ्टचा विषय निघण्याआधी सभा संपली, ही आमच्या इतिहासातली पहिलीच वेळ. पाट्यांचं काम रंगाऱ्याला दिलं. त्याने माझी पितळी पाटी काढून तिथे निळ्या रंगात ‘३ई९’ लिहिलं.

ज्यांना पुढे काय झालं ते आत्ताच कळलं, त्यांनी हसू नये. मला कळलं नव्हतं, आणि मी संख्याशास्त्र शिकवलं आहे.

ए, बी, सी, डी या चार इमारती फायलीत सुखरूप उतरल्या. ई इमारतीच्या ओळींत मात्र आकड्यांनी कूस बदलली होती. दोन आकड्यांच्या मध्ये इंग्रजी ई दिसली की एक्सेलच्या मते ती इमारत नसते, घातांक असतो. ३ई९ म्हणजे तीनावर नऊ शून्यं. तीनशे कोटी. वरच्या मजल्यावरचे ४ई११, चाळीस हजार कोटी. वरच्या कोपऱ्यातलं ४ई१२ हे कुलूपबंद घर, मालक मस्कतला, चार लाख कोटी. आणि पहिल्या मजल्यावर १ई१ मध्ये त्या तीन नळवाल्या आजी : दहा. नुसते दहा. शेजारी शंभर, त्यापलीकडे हजार. माझ्या उभ्या आयुष्यात विषमता शिकवायला इतकं चोख उदाहरण मला मिळालं नव्हतं, आणि मिळालं तेव्हा मी निवृत्त होतो.

सचिवांनी सवयीने तो रकाना निवडला. खालच्या पट्टीत बेरीज उमटली : चार लाख चव्वेचाळीस हजार तीनशे तेहतीस कोटी, बावीस लाख एकवीस हजार एकशे दहा. चौकार, तिये, दुव्वे, एके आणि शेवटी शून्य. इतकी देखणी बेरीज मी पाहिलेली नाही. ती मी वहीत उतरवून ठेवली आहे.

ग्रुपवर मात्र सौंदर्यदृष्टी कोणाला नव्हती. बाकीच्या चार इमारतींनी विचारलं, ई इमारतीला वेगळा दर का. २-१० मधले, आता ‘४बी१०’ झालेले, लिहिते झाले : “चार लाख कोटी असताना माझ्या अठरा हजारांसाठी सोसायटी नोटीस पाठवते?” आजी वर येऊन मला म्हणाल्या, “दहा तर दहा. पण लिफ्टचे घेऊ नका हो.”

मुलीने त्या रात्री व्हिडिओ कॉलवर शेजारी बसवल्यासारखं काम करून घेतलं. सीएसव्ही सोडून सरळ एक्सेलच्या जातीची फाईल लिहायची. ती आतून म्हणजे झिप केलेल्या बारक्या फायलींचं गाठोडं असतं आणि त्यात प्रत्येक चौकटीबरोबर ‘हा मजकूर आहे’ किंवा ‘हा आकडा आहे’ असं लिहून देता येतं. मग एक्सेल अंदाज बांधत नाही. मथळे ठळक केले. वरची ओळ गोठवली, म्हणजे कितीही खाली गेलं तरी मथळे डोळ्यांसमोर. हे गोठवणं मला आवडलं. आमच्या शाळेतल्या हजेरीच्या कॅटलॉगची आतली पानं मुद्दाम आखूड कापलेली असत. मुलांची नावं पहिल्याच पानावर लिहायची, महिना उलटला तरी ती डावीकडून डोकावत राहायची.

“बाबा, हे सगळं पहिल्या दिवशी विचारलं असतंस तर दहा मिनिटांचं काम होतं,” ती म्हणाली.

“पाट्या रंगवून झाल्या आहेत,” मी म्हटलं.

फाईल ग्रुपवर टाकली. एकही तक्रार नाही. एकही संदेश नाही. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की ती कोणी उघडलीच नव्हती. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “सर, प्रिंट काढून बोर्डावर लावू या का?”

प्रिंट काढली. दोन पानं झाली. पहिल्या पानावर वर मथळे. दुसऱ्या पानावर नुसते आकडे. स्क्रीनवर गोठवलेली ओळ कागदावर गोठत नाही. छपाईसाठी मथळे प्रत्येक पानावर यावेत हे एक्सेलला आणखी एका वेगळ्या ठिकाणी वेगळं सांगावं लागतं. ही माहिती मला तेव्हा नव्हती आणि मुलगी मीटिंगमध्ये होती.

मी दोन्ही पानं घेऊन काकांकडे गेलो. ऑपरेशन होऊन महिना झाला होता, काळा चष्मा उतरला होता. त्यांनी पहिलं पान पाहिलं, बोटाने मथळ्यांवरून डावीकडून उजवीकडे गेले, मान डोलावली. दुसरं पान हातात घेतलं आणि उलटंसुलटं करून विचारलं, “याचं डोकं कुठे आहे?”

मी समजावायला लागलो. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. उठून त्यांनी कपाटातून पट्टी, ब्लेड आणि डिंकाची बाटली आणली. पहिल्या पानाचा खालचा समास कापला, दुसऱ्याचा वरचा, आणि रकान्याला रकाना भिडवून दोन पानांचं एक केलं. डिंक वाळू दिला. काकू चहा घेऊन आल्या.

सोसायटीचा सूचनाफलक एका पानाच्या उंचीचा आहे. काच बंद होत नाही. कागद फलकातून बाहेर येऊन जन्मपत्रिकेसारखा खाली लोंबतो, पंखा लागला की हलतो. ई इमारत सगळ्यात शेवटी. माझी बाकी बघायला मला उकिडवं बसावं लागतं. बघितलं, सगळं बरोबर होतं : ३ई९, मजला, इमारत, सदनिका, आणि वर, बऱ्याच वर, मथळे. उठायला मात्र १ई१ मधल्या आजींचा हात धरावा लागला. त्या लिफ्टमधून बाहेर पडत होत्या.